अ‍ॅम्पचा फ्यूज काढू नका: गाडीतल्या ‘कुंईं’ आवाजावर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा ताईने फॅमिली ग्रुपवर एक मेसेज टाकला. ‘गाडीच्या म्युझिकमध्ये कुंईं आवाज येतो? हजारो रुपये वाचवा, हे सात उपाय घरीच करा.’ असले मेसेज मी उघडतसुद्धा नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याचा फोन, ‘मामा, फ्यूज काढून वायर डायरेक्ट केली तरी आवाज जात नाही, आता काय करू?’ हातातलं काम तसंच टाकलं आणि गोव्यातल्या फोंड्याहून सरळ मयेला गेलो. अठरा वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय, पण त्या दिवशी बॉनेट उघडल्यावर पोटात गोळा आला, म्हणून हे लिहितोय.

मेसेजमधले सात उपाय असे. एक, अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा) बदला. दोन, एक फॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा डबा) लावा. तीन, बॅटरीजवळचा फ्यूज आवाज करतो, तो काढून वायर डायरेक्ट जोडा. चार, अ‍ॅम्पचं (डिकीतलं आवाज मोठा करणारं खोकं) अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी जोडणी, सीटबेल्टच्या बोल्टला द्या. पाच, अ‍ॅम्पचं गेन फुल करा आणि डेकचा (पुढच्या म्युझिक प्लेअरचा) व्हॉल्यूम कमी ठेवा. सहा, आरसीए केबलच्या (डेकमधून गाण्याचा सिग्नल मागे नेणाऱ्या) पिनच्या बाहेरच्या भागाला तार गुंडाळून ती डेकच्या बॉडीला लावा. सात, आरसीए आणि पॉवरची वायर वेगवेगळ्या बाजूने न्या.

तिसरा आधी घेतो, कारण बाकी सगळ्यांत पैसे जातील, यात माणूस जाईल.

अ‍ॅम्पच्या वायरला बॅटरीजवळ जो फ्यूज असतो तो अ‍ॅम्पला वाचवायला नसतो हो, वायरला वाचवायला असतो. अ‍ॅम्पला त्याचा स्वतःचा फ्यूज असतोच, पण तो डिकीत, वायरच्या शेवटच्या टोकाला. बॉनेटपासून डिकीपर्यंत चार-पाच मीटर वायर पत्र्याच्या भोकातून, कार्पेटखालून, सीटच्या रेलजवळून जाते, आणि या सगळ्या वाटेवर तिचा रखवालदार एकच, बॅटरीजवळचा फ्यूज. म्हणून अ‍ॅम्पच्या खोक्यातल्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की बॅटरीपासून 18 इंचांच्या म्हणजे साधारण 45 सेंटिमीटरच्या आत फ्यूज लावा. ते पान कोणी वाचत नाही.

आता तो नसेल तर काय होतं, हिशोब करून बघा. 8 गेजची (गेज म्हणजे जाडीचं माप) तांब्याची वायर मीटरमागे साधारण 2 मिलिओहम विरोध धरते, चार मीटरला 8. बॅटरीचा आतला आणि बॉडीचा विरोध धरून सगळं मिळून 20 मिलिओहमच्या आसपास समजा. 12 व्होल्टला शॉर्ट झाला की 600 अँपिअर. नुसत्या त्या वायरमध्ये जवळजवळ 3000 वॉट उष्णता, म्हणजे पाणी उकळायच्या दोन इलेक्ट्रिक किटल्या कार्पेटखाली कोरड्या चालू ठेवल्यासारखं. वरचं प्लॅस्टिक काही सेकंदांत वितळायला लागतं. आणि बहुतेक हॅचबॅकमध्ये पेट्रोलची टाकी मागच्या सीटखालीच असते.

भाच्याच्या गाडीत मी काय बघितलं ते सांगतो. फ्यूज होल्डर कापून दोन टोकं नुसती पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. तिथून वायर इंजिनच्या मागच्या पत्र्यातून आत गेलेली, भोकाला रबरी बुश नाही. टॉर्च मारून वायर जरा मागे ओढली तर लाल प्लॅस्टिक एका बाजूने नखभर घासून पार पातळ झालेलं, आणि एका ठिकाणी आतल्या तारेचा एक धागा चमकत होता. तो धागा आणि पत्र्याची धार यांच्यात एका कागदाचं अंतर. ही गाडी घेऊन पोरगा रोज चोडणच्या फेरीवरून रायबंदरला उतरून पणजीला कामाला जातो, फेरीवर दाटीवाटीने लावलेल्या गाड्यांमध्ये. मी आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि मग त्याच्याशी बोललो.

काही जण लगेच म्हणतील, स्टार्टरच्या वायरला कुठे फ्यूज असतो? बऱ्याच गाड्यांत नसतो, मान्य. पण ती वायर आखूड असते, बॉनेटच्या आतच राहते, कंपनीने जाड स्लीव्ह घालून क्लॅम्प मारलेली असते. कार्पेटखालून डिकीपर्यंत फिरत नाही.

यात खरं एवढंच की फ्यूज होल्डर गंजला तर त्रास देतो. आपल्याकडे खारी हवा, वर चार महिने पाऊस, होल्डरच्या आत हिरवट थर धरतो, कॉन्टॅक्ट कमजोर होतो, बास वाजला की व्होल्टेज पडतं आणि अ‍ॅम्प बंद-चालू होतो. मग होल्डर साफ करा, नाहीतर नवा घाला. छप्पर गळतं म्हणून घर पाडतात का कोणी?

चौथा पण तसाच. सीटबेल्टचा बोल्ट सोयीचा वाटतो कारण तो जाड आणि डिकीच्या जवळ, पण अपघातात माणसाला धरून ठेवणारा तोच एक बोल्ट, ठरलेल्या ताकदीने आवळलेला. त्याच्याखाली थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) घातलं की तो नीट बसत नाही. आणि बऱ्याचदा त्या जागी रंग आणि सीलंट असतं, म्हणजे अर्थिंगसुद्धा धड मिळत नाही. त्याला हात लावू नका.

पण अर्थिंग हाच खरा मुद्दा आहे, आणि सातच्या सात उपायांत ते नीट कसं करायचं याचं एक वाक्य नाही, याचा मला जास्त राग येतो. जेन्सन ट्रान्सफॉर्मर्स या अमेरिकन कंपनीच्या बिल व्हिटलॉक यांनी ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंगच्या फरकातून येणारा आवाज, या एकाच विषयावर वर्षानुवर्षं लिहिलं आणि शिकवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, आरसीए केबलमध्ये बाहेरची जाळी गाण्याचा सिग्नल परत नेते आणि दोन उपकरणांच्या अर्थिंगमधला फालतू करंटही तीच नेते. जाळीला थोडा विरोध असतोच, त्यावर तो करंट वाहिला की छोटं व्होल्टेज तयार होतं आणि ते सरळ गाण्यात मिसळतं. म्हणजे बहुतेक वेळा आवाज हवेतून येत नाही, अर्थिंगच्या फरकातून येतो, आणि म्हणूनच महागातली केबल घेऊनही लोकांचा आवाज जात नाही.

भाच्याच्या अ‍ॅम्पचं अर्थिंग डिकीत रंगावरच एका पत्र्याच्या स्क्रूने मारलेलं. वर ओलं मॅट, स्क्रूभोवती तांबूस गंज. मल्टीमीटरचं एक टोक अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलला आणि एक लांब वायर जोडून बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, बास वाजवला, 0.4 व्होल्ट. स्क्रू काढला, पॉलिश पेपरने रंग घासून चकचकीत पत्रा काढला, थिंबल दाबून नट-बोल्टने आवळलं, वर ग्रीस. पुन्हा मोजलं, 0.03. कुंईं बारा आणे तिथेच गेली.

पाचवा तर उलटाच आहे. गेन म्हणजे अ‍ॅम्प येणाऱ्या सिग्नलला किती पट करतो ते, आणि त्याला गाणं कुठलं नि घाण कुठली हे कळत नाही. डेकचा आवाज बारीक ठेवून गेन फुल केलं की वाटेत मिसळलेली कुंईंसुद्धा फुल. डेकमधून सिग्नल मोठा काढा, आवाज फाटायच्या जरा अलीकडे, आणि गेन खाली आणा. डेकचा सिग्नल दहापट झाला तर त्याच कुंईंसमोर 20 डेसिबलचा फायदा, तोही फुकटात. भाच्याने मेसेज वाचून गेन शेवटपर्यंत फिरवलं होतं, म्हणून त्याला वाटलं की फ्यूज काढल्यावर आवाज आणखी वाढला.

अल्टरनेटर. इंजिनबरोबर आवाज चढतो उतरतो म्हणून सगळे त्याला धरतात. साधारण बारा पोलच्या (चुंबकाच्या ध्रुवांच्या) अल्टरनेटरमधून एका फेऱ्यात 36 लहरी येतात, आयडलला तो मिनिटाला 2000 फिरत असेल तर 1200 हर्ट्झ, कानाला अगदी शिट्टीसारखं. ही लहर चांगल्या अल्टरनेटरमध्येही असतेच, ती गाण्यात शिरते अर्थिंग खराब म्हणून. नवा घेण्याआधी इंजिन आणि हेडलाईट चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावा. डीसी 13.8 ते 14.4 आणि एसी रेंजवर 0.1 व्होल्टच्या आत असेल तर त्याला दोष देऊ नका. एसी खूप जास्त दिसलं, दिवे थरथरतात, रात्रीत बॅटरी उतरते, तर अल्टरनेटरमधला डायोड (एसीचं डीसी करणारा भाग) गेला असेल, मग दाखवा.

कपॅसिटर लावून कुंईं जात नाही. एक फॅरड 14 व्होल्टवरून 12 पर्यंत उतरताना 26 ज्यूल देतो, 500 वॉट ओढणाऱ्या अ‍ॅम्पला ते सेकंदाच्या विसाव्या भागाला पुरतात. सिग्नलच्या अर्थिंगशी त्याचा संबंधच नाही.

सहाव्यात मात्र काहीतरी आहे, मनाविरुद्ध कबूल करतो. काही डेकमध्ये आरसीएच्या अर्थला आत एक बारीकसा फ्यूज असतो. अ‍ॅम्पचं अर्थिंग सुटलं किंवा सिस्टीम चालू असताना कोणी पिना काढल्या-घातल्या की तो उडतो, आणि मग कुंईं सुरू. अशा वेळी तार गुंडाळून डेकच्या बॉडीला टेकवली की आवाज खरंच थांबतो. पण त्याने कळतं फक्त दोष कुठे आहे ते. डेक उघडून तो फ्यूज बदलून घ्या, आणि तो का उडाला ते शोधा, नाहीतर पुन्हा उडेल.

सातवा बरोबर आहे, करा.

भाच्याचा उरलेला चार आणे आवाज त्यानेच गेला. दोन्ही वायरी एकाच बाजूने बांधलेल्या होत्या, आरसीए दुसऱ्या दाराकडून नेली. पॉवरची वायर मी पूर्ण नवी टाकली, पत्र्याच्या भोकाला रबरी बुश घातला, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर 40 अँपिअरचा फ्यूज, कारण त्याच्या अ‍ॅम्पवर 20-20 चे दोन आहेत आणि 8 गेजच्या चांगल्या तांब्याला तेवढे झेपतात. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्तात मिळते, तिला त्याच गेजमध्ये कमी झेपतं, तिला लहान फ्यूज लागतो.

घरी शोधायचंच असेल तर सिस्टीम बंद करून अ‍ॅम्पकडच्या आरसीए पिना काढा, मग चालू करा. आवाज गेला तर तो डेककडून किंवा केबलमधून येतोय, राहिला तर अ‍ॅम्पची पॉवर, अर्थिंग नाहीतर स्पीकरच्या वायरी बघा. वीस मिनिटांचं काम आहे आणि एक पैसा लागत नाही.

आणि तो मेसेज वाचून कोणी वायर डायरेक्ट केली असेल तर चवथीला गावी जायच्या आधी, आजच, बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि फ्यूज बसवल्याशिवाय परत लावू नका. तेवढे दिवस गाणी नाही वाजली तरी चालेल.