जस्ताचे वारसदार

‘जस्ताचा शोध भारताचा, चोरी इंग्रजांची’ हा मजकूर आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी उगवतो. सोबत एका भट्टीचं चित्र असतं, राजस्थानात उदयपूरजवळ असलेल्या जावरचं नाव असतं आणि शेवटी लाल अक्षरांत लिहिलेलं असतं की ही विद्या ब्रिस्टलला पळवली. मी ब्रिस्टलमध्ये राहते, म्हणून मावसभाऊ लगेच मला टॅग करतो. “ताई, विचार की तिथल्या लोकांना!” कुणाला विचारू? माझ्या बसच्या ड्रायव्हरला? तो सोमालियाचा आहे.

मजकूर खोटा असता तर मी सोडून दिला असता. पण त्यातलं अर्धं खरं आहे, आणि ते किती भन्नाट आहे याचा पत्ता फॉरवर्ड करणाऱ्याला नाही, हे मला जास्त झोंबतं.

जस्त काढणं हे तांबं-लोखंड काढण्यासारखं सरळ काम नाही. खनिज कोळशाबरोबर हजार अंशांच्या आसपास तापवलं की धातू सुटतो खरा, पण जस्त ९०७ अंशांनाच उकळतं. त्यामुळे ते भट्टीच्या तळाशी रस होऊन साठत नाही, वाफ होऊन निघतं, आणि हवा लागली की जळून पांढरी भुकटी होतं. हाती काय, तर धूर. म्हणूनच शेकडो वर्षं लोकांनी पितळ बनवलं ते जस्ताचं तोंडही न बघता. तांब्याचे तुकडे, खनिज आणि कोळसा बंद मुशीत भाजायचे, वाफ परस्पर तांब्यात मुरायची.

जावरच्या कारागिरांनी या वाफेला खाली उतरवलं. वांग्याच्या आकाराची मातीची मूस, आत खनिजाच्या वळलेल्या गोळ्या, तोंडाला लांब नळी. मूस भट्टीत उलटी बसवायची, म्हणजे नळीचं तोंड खाली. मग माल गळून पडणार नाही का? त्यासाठी नळीतून आत एक काटकी खोचलेली असायची. भट्टी तापेपर्यंत ती माल धरून ठेवायची, नंतर जळून जायची, आणि ती होती तिथेच वाफेला वाट मोकळी व्हायची. एका भट्टीत अशा ३६ मुशी, सहाच्या सहा ओळी, भोकं पाडलेल्या मातीच्या जाड तबकड्यांवर. वर आग, खाली गार कोठी, आणि तिथं थेंबथेंब जस्त. अशा सात भट्ट्या शेजारी शेजारी सापडल्या आहेत. किमान सहाशे वर्षांपूर्वी हे काम तिथं जोरात चालू होतं. रसशास्त्राच्या ‘रसरत्नसमुच्चय’ ग्रंथात या मुशीला ‘वृंताक मूषा’च, म्हणजे वांग्याची मूस, म्हटलंय.

ती काटकी ज्याला सुचली त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. मला विचाराल तर सगळी अक्कल त्या काटकीत आहे. फॉरवर्डमध्ये मात्र ‘वैभवशाली’ हा शब्द तीनदा येतो आणि काटकी एकदाही येत नाही.

आता चोरीचं. विल्यम चँपियन या इंग्रज कारखानदारानं जस्त काढण्याचं पेटंट घेतलं १७३८ साली, आणि पुढं ब्रिस्टलजवळ वॉर्मलीला कारखाना काढला. त्याचीही वाफ खालीच उतरायची, मुशीच्या तळाला बसवलेल्या नळीतून. साम्य डोळ्यांत भरण्याजोगं आहे. या विषयात आयुष्य घालवलेल्या इंग्रज संशोधकांनाही कल्पनेचं मूळ हिंदुस्थानात असावं असं वाटतं. पण तो जावरला गेला होता, किंवा कुणी त्याला आराखडा आणून दिला, असा एकही कागद आजवर पुढं आलेला नाही. हे ग्रुपवर लिहिलं की उत्तर ठरलेलं: “तू आता त्यांचीच बाजू घेणार.”

त्यांची बाजू! या शहरानं १८व्या शतकात पितळेची कडी ओतली आणि ती पश्चिम आफ्रिकेत देऊन माणसं विकत घेतली, हे इथल्या शाळकरी मुलांना माहीत आहे. गुलामांच्या व्यापारात हात असलेल्या कोल्स्टनचा पुतळा जून २०२० मध्ये लोकांनी ओढून बंदरात टाकला. आता तो एम शेड या इथल्या संग्रहालयात रंग फासलेल्या अवस्थेत आडवा ठेवलाय. आपल्याकडे कुठला पुतळा असा आडवा ठेवून दाखवा. (हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. इतकी हिंमत इंग्लंडात बसूनही होत नाही.)

आणि वारसा जपण्याबद्दल तर बोलूच नये. आर्नोज व्हेलला सेन्सबरीजच्या शेजारी ब्लॅक कासल नावाचा पब आहे. १८व्या शतकात तांब्याच्या एका कारखानदारानं धातू काढल्यावर भट्टीत उरलेली मळी साच्यात ओतून तिचे ठोकळे पाडले आणि त्यांचा हा वाडा बांधला. काळाकुट्ट, उन्हात काचेसारखा चमकतो. जवळ जाऊन हात लावला तर ठोकळ्यांवर बुडबुड्यांची भोकं लागतात. सरकारदरबारी संरक्षित इमारत म्हणून त्याची नोंद आहे. जावरलाही वापरून झालेल्या मुशी विटांसारख्या रचून लोकांनी घरांच्या भिंती उभारल्या, पण आपल्यापैकी किती जण त्या भिंती बघायला गेले? उदयपूरला जाऊन तलावातल्या महालासमोर फोटो काढून परत.

खरं तर चँपियनच्या वॉर्मलीतही फार काही नाही. सायकलवाटेवरून जाता येतं. मनोरा शिल्लक आहे, आणि त्याच्या बागेतला मळीनं मढवलेला नेपच्यून या समुद्रदेवाचा अवाढव्य पुतळा आता कॅरव्हॅन पार्कमध्ये लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत उभा असतो. पण वाद घालताना मी ब्लॅक कासलचंच उदाहरण देते.

आमच्या ग्रुपला न आवडणारा भाग पुढंच आहे. जावरच्या भट्ट्या इंग्रजांनी विझवल्या नाहीत. जावर मेवाडात येतं, आणि १८व्या शतकाच्या उत्तरार्धात मेवाड कुणी पिळून काढलं? शिंदे-होळकरांच्या फौजांनी. खंडणीवर खंडणी, वर आपसातल्या लढाया, गावंच्या गावं ओस. त्यावर १८१२-१३चा दुष्काळ. भट्ट्या थंड झाल्या त्या या काळात. कंपनीशी मेवाडचा तह झाला १८१८ साली, म्हणजे नंतर. माझं माहेर साताऱ्याचं. अटकेपार झेंड्याच्या गोष्टी ऐकत वाढलेली मी, आणि जस्ताचा हिशेब मागायला निघालं तर पहिलं दार आमचंच लागतं. गंमत अशी की १९८०च्या दशकात त्या भट्ट्या उकरून काढणाऱ्या चमूत ब्रिटिश म्युझियमचे पॉल क्रॅडॉक होते आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे हेगडे. एका मराठा राजाच्या नावाचं विद्यापीठ! ज्या चित्रावर आमचा ग्रुप ऊर बडवतो ते त्यांच्या मेहनतीतून आलंय.

तरीही गेल्या उन्हाळ्यात वॉर्मलीला वारसाफेरीत गेले होते, तिथं वाट दाखवणाऱ्या बाई म्हणाल्या, “चँपियन, जस्त बनवणारा पहिला माणूस.” माझा हात वर गेला. “युरोपातला पहिला,” मी म्हणाले, आणि मग थांबलेच नाही. जावर, ३६ मुशी, काटकी, सगळं. आवाजही चढला असावा, कारण लोक चहाच्या थर्मासकडे बघायला लागले. एका आजोबांनी अगदी सभ्यपणे विचारलं, “तुम्ही त्याच भागातल्या का?” मी “हो” म्हणून मोकळी झाले. उदयपूर मी फोटोतच पाहिलंय. इथं मी अख्ख्या हिंदुस्थानची वकील असते आणि ग्रुपवर इंग्रजांची. साताऱ्याची म्हणून कुठं उभी राहू, हे कुणी विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर बरंच आहे.

शेवटी मी ग्रुपवर एव्हनमथची गोष्ट टाकली. ब्रिस्टलच्या या बंदरात पहिल्या महायुद्धाच्या काळात जस्ताचा कारखाना उभा राहिला, कारण ब्रिटनची जस्ताची भिस्त युद्धापूर्वी बरीचशी जर्मनी-बेल्जियमच्या भट्ट्यांवर होती. पुढं तिथंच इम्पीरियल स्मेल्टिंग नावाची भट्टी विकसित झाली. अडचण तीच, जावरवाल्यांची: वाफ पुन्हा जळू द्यायची नाही. उपाय नवा: वाफेवर वितळलेल्या शिशाचा फवारा मारून तिला क्षणात गार करायचं. ही पद्धत हिंदुस्थान झिंकनं घेतली आणि १९९१ मध्ये चित्तोडगडजवळ चंदेरियाला कारखाना चालू केला. म्हणजे परत मेवाडातच. एव्हनमथचा कारखाना २००३ साली बंद पडला. ब्रिस्टलमध्ये आज जस्त निघत नाही, मेवाडात निघतं.

मला वाटलं, आता तरी मिटेल. मावसभावाचा प्रश्न आला: “भट्टीचं तंत्र त्यांनी फुकट दिलं का गं?”

“नाही. परवाना घ्यावा लागायचा त्याचा.”

“मग झालं तर. चोरच.”

त्याच्या म्हणण्यात थोडा दम आहे, हे मी त्याला अजून कळू दिलेलं नाही.