कलम बांधायला शिकवताना ‘श्राव्य विद्यार्थी’ कोणाला म्हणायचे?

दापोलीजवळच्या एका रोपवाटिकेत आंब्याची कोयकलमे बांधायला शिकवणाऱ्या माझ्या भाचीने परवा विचारले, की येणाऱ्या मुलांचे ‘दृश्य’, ‘श्राव्य’ आणि ‘कृतिशील’, म्हणजे पाहून, ऐकून आणि हाताने करून शिकणारे, असे गट पाडू का. तिला व्हॉट्सॲपवर आलेला संदेश सांगत होता, की वाचलेले 10 टक्के, ऐकलेले 20 टक्के आणि स्वतः केलेले 90 टक्के लक्षात राहते, प्रत्येक जण आपापल्या शैलीनेच शिकतो, आणि पाठाची उद्दिष्टे, आराखडे वगैरे म्हणजे निव्वळ कागदी घोडे.

टक्क्यांचे फार बोलायला नको. एडगर डेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाच्या नावावर ते खपवले जातात. डेल यांनी 1946 मध्ये ‘अनुभवाचा शंकू’, म्हणजे प्रत्यक्ष अनुभवापासून निव्वळ शब्दांपर्यंतची शिकण्याच्या साधनांची उतरंड, मांडला खरा, पण त्यात एकही टक्का नव्हता.

अधिक घातक आहे तो शैलींचा मुद्दा. मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी 2008 मध्ये या विषयावरचे संशोधन तपासले. शैली जुळवून शिकवण्याचा उपयोग सिद्ध करायचा, तर एका गटाला जी पद्धत सर्वांत लाभते ती दुसऱ्या गटाला तशी लाभत नाही, हे दिसले पाहिजे. तसा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. मुळात पद्धत ठरते ती शिकवायच्या गोष्टीवरून. तांबूस पानांच्या कोवळ्या रोपाचा शेंडा छाटायचा, खोडाला मधोमध उभी चीर द्यायची, कलमकाडी, म्हणजे हव्या त्या जातीच्या झाडाची काडी, दोन्ही बाजूंनी तासून तिची पाचर करायची आणि ती चिरेत बसवताना साल सालीला भिडते की नाही ते पाहायचे, हे सगळे ‘श्राव्य’ मुलाला नुसते ऐकवून त्याच्या हाती चाकू द्यायचा काय? आणि ‘कृतिशील’ ठरवलेल्या मुलापुढे कागदच ठेवला नाही, तर नोंदवहीत तो तारीख आणि जात कशी लिहिणार?

करून पाहिल्याशिवाय हात बसत नाही, एवढे मान्य करावे लागेल. मात्र वाकडी पाचर कोणी दाखवून दिली नाही, तर सरावाने तीच अंगवळणी पडते.

राहिले कागदी घोडे. विद्यार्थ्याने काय करून दाखवायचे, कोणत्या परिस्थितीत आणि किती चांगले, हे उद्दिष्टात लिहावे, असे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांनी 1962 मध्येच मांडले होते. ‘मदतीशिवाय, स्वतःच्या चाकूने, जोडात फट न ठेवता कलम बांधणे’ असे एकदा लिहिले, की परीक्षा कशाची घ्यायची आणि तासभराच्या व्याख्यानातले काय गाळायचे, हे आपोआप ठरते. भाचीला म्हटले, गट पाडू नकोस. पहिल्या दिवशी छाटलेल्या फांद्यांवर सगळ्यांना पाचर तासायला लाव, कोणाचे कुठे चुकते ते लिहून ठेव आणि दुसऱ्या दिवशीचा पाठ त्यावरून आख.