आई ही भेटायला आलेली पाहुणी नव्हे

माझा मुलगा २००९ च्या पावसाळ्यात नऊ आठवडे आधी जन्मला. एकतिसावा आठवडा, वजन १३२० ग्रॅम. सिझेरियनच्या टेबलावर मला दिसलं ते एवढंच: हिरव्या कापडापलीकडे कुणीतरी वर धरलेलं जांभळट काहीतरी, आणि त्याला घेऊन झपाझप निघून गेलेली सिस्टर. त्यानंतर मी त्याला हातात घेतलं ते एकोणिसाव्या दिवशी.

आपल्याकडे म्हणतात, "बाळाला काचेत ठेवलंय." तो पहिल्या मजल्यावर काचेत, मी तिसऱ्या मजल्यावर खाटेवर. भेटायची वेळ सकाळी अकरा ते साडेअकरा, संध्याकाळी पाच ते साडेपाच. नातेवाइकांना जी वेळ, तीच मला. माझ्या सासूबाई, माझा भाऊ, ऑफिसातली मैत्रीण आणि मी, सगळे एकाच रांगेत चपला काढून उभे. दर तीन तासांनी पंपाने दूध काढायचं, वाटीवर नावाची पट्टी चिकटवायची आणि आयाबाईंच्या हाती खाली पाठवायचं. आठव्या दिवशी मी काचेजवळ जरा जास्त वेळ रेंगाळले तर सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, इन्फेक्शन होईल, आता निघा." त्या वाईट नव्हत्या. माझं बाळ त्यांनीच जगवलं, हे मी कधीच विसरणार नाही. पण त्या इमारतीतल्या नियमांत आई ही बाहेरून जंतू घेऊन येणारी बाई होती.

चौतिसाव्या दिवशी त्याला घरी आणलं. आईने खोली शेकून ठेवली होती, अळिवाची खीर तयार होती. आणि मला माझ्याच मुलाची भीती वाटत होती. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. तो रडायला लागला की माझे हात गार पडायचे. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी रातपाळीच्या एक सिस्टर खुशाली विचारायला आल्या, त्यांनी नेहमीच्या सवयीने त्याला हाक मारली, आणि तो गप्प झाला. माझ्या आवाजाने होत नव्हता. पोटात असल्यापासून बाळ आईचा आवाज ओळखतं. १९८० सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात तीन दिवसांच्या आतली बाळं स्वतःच्या आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून चोखण्याची लय बदलताना दिसली होती. माझ्या बाळाने तो आवाज महिनाभर दिवसातून जेमतेम एक तास ऐकला होता, तोही काचेच्या बाहेरून.

आता रजेचा हिशेब. तेव्हा कायद्याने बाळंतपणाची रजा बारा आठवडे होती, म्हणजे ८४ दिवस. त्यातले ३४ रुग्णालयात गेले. उरले पन्नास. मी कामावर परत गेले तेव्हा तो जन्मतारखेने बारा आठवड्यांचा होता, पण ठरलेल्या तारखेच्या हिशेबाने फक्त तीन आठवड्यांचा. तीन आठवड्यांचं बाळ घरी ठेवून मी नऊ सदतीसची लोकल पकडत होते आणि दुपारी ऑफिसच्या बाथरूममध्ये दूध पिळून टाकत होते. घरी येईपर्यंत ब्लाऊज पुन्हा भिजलेला असायचा.

ही गोष्ट आज का लिहितेय? २०२३ मध्ये माझ्या भावजयीची प्रसूती झाली, तिचीही वेळेआधी, बत्तिसाव्या आठवड्यात. गावाकडे, जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात. मी धास्तावून पोचले. डोळ्यांसमोर तीच काच होती. आत पाहते तर ही बाई खुर्चीत मागे रेलून बसलेली, पुढून उघडा गाऊन, आणि तिच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं, बेडकासारखे पाय दुमडून, कापडाने घट्ट बांधलेलं बाळ. अंगावर टोपी, मोजे आणि लंगोट, बाकी उघडं. डोकं एका बाजूला वळवलेलं. नाकात नळी होती, पायाला ऑक्सिजन मोजायची तार होती, आणि तरीही ते आईच्या अंगावर होतं. सिस्टर तिला सांगत होत्या, "ताई, हलवू नका, झोपू दे. तुमचा श्वास चालतो ना, त्याने त्याला श्वास घ्यायची आठवण राहते."

मी तिथेच, दारात, रडले. आनंदाने म्हणावं तर तेवढंच नव्हतं.

याला कांगारू मदर केअर म्हणतात, रुग्णालयात सगळे नुसतं केएमसी म्हणतात. सुरुवात झाली १९७८ मध्ये, कोलंबियाच्या बोगोटा शहरात. तिथल्या सरकारी प्रसूतिगृहात बाळांना उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या कमी आणि बाळं जास्त. एका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळं ठेवावी लागत, जंतुसंसर्ग पसरत असे. आणि कितीतरी बाळं टाकून दिली जात होती. आठवडेच्या आठवडे दूर ठेवलेल्या आयांचं मूल त्यांचं उरतच नव्हतं. डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी बाळं सरळ आईच्या छातीवर द्यायला सुरुवात केली. नाइलाजातून सुरू झालेला उपाय, पण दगावणारी बाळं कमी झाली आणि टाकून दिली जाणारीही.

तरी पुढे कितीतरी वर्षं डॉक्टर म्हणत राहिले, बाळ आधी स्थिर होऊ दे, मग आईकडे देऊ. ऐकायला ते शहाणपणाचं वाटतं. मीही मानलं असतं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत ३,२११ बाळांवर एक अभ्यास झाला, भारतातलं केंद्र दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. एक ते पावणेदोन किलोच्या आसपासची बाळं. निम्म्यांना नेहमीच्या पद्धतीने आधी काचेत ठेवलं, निम्म्यांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीवर. त्यासाठी आईची खाटच बाळांच्या अतिदक्षता विभागात आणली. पहिल्या २८ दिवसांत काचेतल्या गटात १५.७ टक्के बाळं गेली, छातीवरच्या गटात १२ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्याआधीच थांबवला. काचेतल्या गटाला आईपासून लांब ठेवणं योग्य राहिलं नव्हतं. २०२१ मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या शिफारशी बदलल्या.

शंभरातली जवळपास चार बाळं. औषध नवं नाही, यंत्र नवं नाही. आईला आत येऊ दिलं, एवढाच फरक.

आईचं जवळ असणं हा विषय निघाला की आपण लगेच वात्सल्य, माया, संस्कार या शब्दांवर जातो, आणि त्या शब्दांचं ओझं शेवटी बाईच्याच डोक्यावर ठेवतो. नोकरी सोड. मूल लहान आहे, तू घरी थांब. मला हे आता ऐकवत नाही. आईचं जवळ असणं खरंच इतकं मोलाचं असेल, आणि ते आहे, तर ते घडवून आणणं हे आईखेरीज बाकीच्यांचं काम आहे. बाळाच्या खाटेशेजारी खुर्ची ठेवणं रुग्णालयाचं काम. भावजय घरी आल्यावर भावाने स्वयंपाक हातात घेतला, रात्री दोन ते पाच स्वतःच्या उघड्या छातीवर मुलीला बांधून बसला, म्हणून तिला झोप मिळाली आणि दिवसा ती मुलीजवळ राहू शकली. नाहीतर आपल्या किती घरांत बाळंतीण सव्वा महिना संपला की ओट्याशी उभी असते, आणि बाळ घरभर फिरत असतं सगळ्यांच्या हातांत, फक्त तिच्या नाही! घरात असणं म्हणजे बाळाजवळ असणं नव्हे.

ऊसतोडीच्या फडात तर हे उघडंच दिसतं. बांधावर साडीची झोळी, झोळीत तान्हं, आणि दहा पावलांवर आई. पण तिच्या हातात कोयता आहे, आणि गाडी भरेपर्यंत ती दहा पावलं तिला ओलांडता येत नाहीत.

२०१७ पासून रजा २६ आठवडे झाली, पहिल्या दोन मुलांसाठी. माझ्यासारखीला तेव्हा एवढी मिळाली असती तर! पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता यावं, हेही कायद्यात आहे. तुमच्या कचेरीत ते आहे का, हे एकदा मनुष्यबळ विभागाला लेखी विचारा. आणि माझी स्वतःची एक मागणी आहे, ती मी जिथे जमेल तिथे मांडते: बाळ रुग्णालयात असेल तितके दिवस रजेतून वजा होऊ नयेत. कमी दिवसांच्या बाळाला आई जास्त लागते, आणि आज नेमकी त्यालाच ती कमी मिळते.

जिचं बाळ काचेत राहिलं, जिने बाळ घरी आल्यावर पन्नासाव्या दिवशी कामावर जायला सुरुवात केली, तिने हे वाचून स्वतःला कोसू नये. माझा मुलगा आज सोळाचा आहे. आमचं जमायला चार-पाच महिने लागले. मी घरी आले की रोज रात्री त्याला अंगावर घेऊनच झोपायचे, कुणी न शिकवता. एका रविवारी तो माझ्या हाकेला वळला आणि हसला. तुटलेलं जुळतं. पण जे तोडायची गरजच नव्हती ते का तोडायचं?

तेव्हा, तुमच्या घरात कुणाचं बाळ आज काचेत असेल तर पेढ्याच्या बॉक्सचं नंतर बघू. आधी डॉक्टरांना विचारा: केएमसी कधी सुरू करायचं? आई आत किती तास बसू शकते? वडील बसू शकतात का? "जागा नाही" म्हणाले तर पुन्हा विचारा, नम्रपणे, पण विचारा. भावजयीच्या वेळी त्या विभागात माता सहा होत्या आणि रेलायच्या खुर्च्या चार. माझ्या भावाने दुसऱ्या दिवशी घरातली घडीची आरामखुर्ची मोटरसायकलवर बांधून नेली. रुग्णालयातून सुट्टी मिळाल्यावर ती परत आणली नाही. पलीकडच्या खाटेवरच्या बाईला जुळी झाली होती, तिला दिली.