बिस्किटांचा डबा आणि दीड लाखांचा फॉरवर्ड

आमची नौपाड्यातली बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला निघाली आहे, त्यामुळे घरोघरी माळे रिकामे करणं चालू आहे. नेमका अशात सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज आला. तुम्हालाही आला असेल: 'नव्वदच्या दशकातली क्रिकेटची, डब्ल्यूडब्ल्यूएफची कार्डं फेकू नका! आता ती दुर्मिळ आहेत. अमेरिकेत एक कार्ड 100 कोटींना गेलं. सचिनचं पहिलं कार्ड ऑनलाइन दीड लाखाला आहे. ग्रेडिंग करून घ्या, किंमत दहापट होते. विकायची घाई नको, भाव वाढतच जाणार.' खाली 'सर्वांना पाठवा'. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी चिकटपट्टी मारलेला खोका परत फाडला. माझ्याही माळ्यावरून अशाच कार्डांनी भरलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला, म्हणून या भानगडीत पडलो.

100 कोटींची बातमी खरी आहे. ऑगस्ट 2022 मध्ये मिकी मँटल या बेसबॉलपटूचं, टॉप्स कंपनीने 1952 मध्ये काढलेलं कार्ड लिलावात 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं. तेव्हाच्या दराने साधारण तेवढेच होतात. पण ते नुसतं जुनं म्हणून गेलं नाही. त्या मालिकेतला न खपलेला माल कंपनीनेच पुढे 1960 मध्ये बोटीत भरून अटलांटिकमध्ये बुडवला होता. जी खपली ती पोरांनी सायकलच्या आऱ्यांत अडकवून फडफडवली, नाहीतर त्यांच्या आयांनी कचऱ्यात टाकली. इतकी गेली, म्हणून कोरं करकरीत राहिलेल्या एकाला हा भाव आला.

पुढची गोष्ट मेसेजमध्ये नाही, आणि आपल्या कामाची तीच आहे. 'आईने फेकली नसती तर आज केवढ्याला गेली असती' ही हळहळ ऐकत मोठ्या झालेल्या अमेरिकनांनी 1980 च्या दशकात कार्डं जपायचा सपाटा लावला. न उघडलेले खोकेच्या खोके, मुलांच्या कॉलेजच्या खर्चाची सोय म्हणून. कंपन्यांनीही मग छपाईला धरबंध ठेवला नाही. साधारण 1987 ते 1993 या काळाला तिकडचे संग्राहक 'जंक वॅक्स'चा काळ म्हणतात. वॅक्स म्हणजे पाकिटाचा मेणकागद. जंक म्हणजे काय, ते सांगायला नको. त्यात 1994 मध्ये बेसबॉल खेळाडूंचा संप झाला, वर्ल्ड सिरीज ही मोसमाची अंतिम लढतच रद्द झाली आणि उरलासुरला उत्साहही ओसरला. त्या काळातली मोजकी सोडली तर बाकीची कार्डं आज तीस-पस्तीस वर्षं जुनी होऊनही कवडीमोलाने जातात. सगळ्यांनीच जपलं तर दुर्मिळ काय राहणार? 'भाव वाढतच जाणार' हेही इथेच निकालात निघतं.

दीड लाख ही कुणीतरी मागितलेली किंमत आहे, कुणी मोजलेली नव्हे. उद्या मीही माझा डबा एक कोटीला लावीन, कोण अडवणार? ईबे या ऑनलाइन बाजारात फक्त विकला गेलेला माल दाखवायचा पर्याय आहे, तो लावून बघा.

आता सचिन. संग्राहक पैसे मोजतात ते खेळाडूच्या सुरुवातीच्या कार्डासाठी, आणि सचिनची पहिली कसोटी नोव्हेंबर 1989 मधली, कराचीची. माझ्या डब्यातल्या सचिनवर ना साल ना कंपनीचं नाव. मागे फक्त आकडे, आणि बॉलपेनने गिरवलेलं माझं नाव. पण आकड्यांत एक ओळ आहे: 'एकदिवसीय शतके 17'. सतरावं शतक त्याने 7 जुलै 1998 ला कोलंबोत, श्रीलंकेविरुद्धच्या फायनलमध्ये केलं, आणि अठरावं 26 सप्टेंबरला बुलावायोत. सर्वाधिक एकदिवसीय शतकांचा डेस्मंड हेन्सचा विक्रम मोडला तेच. म्हणजे कार्डावरचा हिशोब त्या अडीच महिन्यांतला. पदार्पणानंतर पावणेनऊ वर्षांनी कसलं आलंय पहिलं कार्ड! दीड लाख बुडाले खरे, पण ते साल शोधण्यात माझी अख्खी संध्याकाळ फार मजेत गेली.

ग्रेडिंगबद्दल थोडक्यात. कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध छापलंय की नाही हे बघून अमेरिकेतल्या ग्रेडिंग कंपन्या 1 ते 10 गुण देतात आणि प्लॅस्टिकच्या कवचात सील करतात. त्यासाठी कार्ड कुठल्या संचातलं, कोणत्या सालचं हे आधी ठरायला हवं. स्टेशनरीच्या दुकानातल्या बेनामी ट्रम्प कार्डांचं ते कसं ठरणार? अमेरिकेला पाठवायचा खर्चच कार्डाच्या किमतीपेक्षा जास्त. शिवाय ठाण्याच्या पावसाळ्यांनी माझे पत्ते पापडासारखे वळलेत, रबरबँड वितळून वरच्या पत्त्याला चिकटलाय आणि दोन-तीन कोपरे कसरीने खाल्लेत. याला दहापैकी किती, ते तुम्हीच सांगा.

मेसेजखाली एका वहिनींनी लिहिलं, 'मग द्या रद्दीत.' तेही करून पाहिलं. रद्दीवाल्याने एक पत्ता वाकवला, नखाने खरवडला आणि म्हणाला, 'प्लॅस्टिक चढवलंय साहेब, कागदात नाय चालत.' साधे पुठ्ठ्याचे तेवढे घेतले त्याने.

मला विचाराल तर पाच-दहा आवडते पत्ते ठेवा. सुटे विकत बसू नका. विकायचेच तर सगळा गठ्ठा एकदम, मिळेल त्या भावाला. ज्याचा संच अपुरा आहे त्याला हवा तो नंबर देऊन टाका. आणि उरलेले सरळ पोरांच्या हातात द्या, खेळायला. पत्त्यावरचा रँक, वजन असा एखादा आकडा विचारायचा, ज्याचा सरस तो समोरच्याचा पत्ता जिंकतो. माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याला योकोझुना हा अगडबंब पैलवान हातात आला की वजनच विचारायचं हे दुसऱ्या डावातच कळलं. आता तो मला जिंकू देत नाही.

काकांच्या खोक्यात डब्ल्यूडब्ल्यूएफचा एक संच निघाला, फक्त 14 नंबर नव्हता. माझ्याकडे दोन होते. एक घेऊन वर गेलो, तर ते म्हणाले, 'फुकट नको रे, बदल्यात अंडरटेकर घे.' मी उंबऱ्यातच उभा राहून विचारलं, 'रँक किती आहे, काका?'