श्रीमंत देश मिळालाय? मग तो गरीब कसा ठेवायचा ते वाचा

समजा उद्या सकाळी तुम्हाला एक देश मिळाला. कसा मिळाला ते विचारू नका, मिळतो लोकांना, आणि देश पण साधासुधा नाही, पायाखाली तांबं, कोबाल्ट, हिरे, सोनं, समुद्रात तेल, वर घनदाट जंगल. आता तुमच्या-आमच्यासारखा पापभिरू माणूस काय करेल, तर शाळा काढेल, नळाला पाणी आणेल आणि पुढच्या निवडणुकीत डिपॉझिट घालवून घरी बसेल. तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय. एवढी संपत्ती असताना लोकांना गरीब ठेवणं हे येरागबाळ्याचं काम नाही, त्याला अभ्यास लागतो, आणि अभ्यासाला आफ्रिकेतले दोन देश पुरेत. एक इक्वेटोरियल गिनी, त्याला पुढे नुसतं गिनी म्हणतोय, आणि दुसरा काँगो. काँगो म्हणजे किन्शासावाला मोठा, नदीपलीकडे ब्राझाव्हिलवाला आहे तो वेगळा.

गिनी चिमुकला, महाराष्ट्राचे दहा-अकरा तुकडे केले तर त्यातला एक, लोकसंख्या वीस लाखाच्या आत. काँगोत सात महाराष्ट्र मावून वर जागा उरते आणि माणसं दहा कोटींच्या पुढे. म्हणजे छोटा देश आहे म्हणून गरीब ठेवता येत नाही किंवा मोठा आहे म्हणून जमत नाही, असली कारणं आधीच बंद. दोघांनी करून दाखवलंय.

सगळ्यात आधी सरासरी नावाची गोष्ट शिकून घ्या. गिनीत १९९५ च्या सुमारास समुद्रात मोठं तेल सापडलं आणि दहा-पंधरा वर्षांत दरडोई उत्पन्न असं काही वर गेलं की कागदावर हा देश युरोपातल्या काही देशांच्या पंक्तीला जाऊन बसला. काँगोचं दरडोई उत्पन्न आजही वर्षाला हजार डॉलरच्या आतच आहे. तर कोणी विचारलं कुठला देश पुढारलेला, की तुम्ही ही दोन आकड्यांची तुलना पुढे करायची आणि विषय संपवायचा. कारण विषय वाढला की कोणीतरी हमखास विचारतं की मग तिथे नळाला पाणी येतं का, आणि ह्यूमन राइट्स वॉचवाले २०१७ साली नेमकं तेच विचारायला गेले, तर कळलं की जवळपास निम्म्या लोकांना पिण्याचं धड पाणीच नाही. सरासरीला तहान लागत नाही हा तिचा मोठा गुण.

दुसरं म्हणजे लोकांकडून कर घेऊ नका. हे ऐकायला उदार वाटतं, पण सगळी मेख इथेच आहे. कर घेतला की माणूस हिशोब मागतो, आमच्या पैशाचं काय केलं म्हणून सोसायटीच्या मीटिंगसारखा हात वर करून उभा राहतो. तेलाचे पैसे कंपनी थेट सरकारला देते, खाणीचे पण तसेच, मधे नागरिक नावाचा प्राणी येतच नाही. लोक शिकले काय, आजारी पडले काय, तुमच्या उत्पन्नात एक छदाम कमी होत नाही. मग कशाला उगाच दवाखान्यांवर खर्च करायचा? गिनीने तेलाच्या भरात, २०११ च्या आसपास, शिक्षण आणि आरोग्यावर बजेटचे जेमतेम २-३ टक्के घातले आणि ८० टक्क्यांच्या आसपास रस्ते, इमारती, बंदरं यांच्यावर. का ते तुम्हाला सांगायला नको, आपण टक्केवारी म्हणजे काय हे जाणणारी माणसं. लशीत टक्के निघत नाहीत, काँक्रीटमध्ये निघतात.

आणि काँक्रीट पण कसं ओतायचं ते बघा. २०११ ला आफ्रिकी संघाची परिषद राजधानी मलाबोला भरणार म्हणून सिपोपो नावाचं आख्खं रिसॉर्ट समुद्रकाठी उभं केलं, प्रत्येक राष्ट्रप्रमुखाला एक असे ५२ बंगले. परिषद आठवडाभराची. पुढे? पुढे काय, बंगले आहेत तिथेच. मग तेवढ्यावर भागेना म्हणून भर जंगलात नवी राजधानी काढली, सिउदाद दे ला पास, शांतीनगर म्हणा हवं तर. सहा पदरी रस्ते, पंचतारांकित हॉटेल, विद्यापीठ, गोल्फ कोर्स. माणसं फक्त राहिली आणायची. शांतता मात्र नावाप्रमाणे भरपूर.

आता घरच्यांबद्दल. सत्ता घरात ठेवायची हे मराठी वाचकाला शिकवणं म्हणजे पुण्याला जाऊन मिसळ शिकवण्यासारखं, तरी गिनीने यात जी उंची गाठलीय ती बघून घ्याच. १९६८ ला स्पेनकडून स्वातंत्र्य मिळालं आणि मासियास न्गेमा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. हा गृहस्थ देशाची तिजोरी उचलून आपल्या गावी घरी घेऊन गेला, म्हणजे खरोखरच नेली, नोटांसकट. शिकल्यासवरलेल्यांचा त्याला एवढा तिटकारा की मारले तरी किंवा पळून तरी गेले, लोकसंख्येचा मोठा हिस्सा शेजारच्या देशांत. १९७९ च्या ऑगस्टमध्ये पुतण्याने म्हणजे तेओदोरो ओबियांगने काकाला उलथवलं आणि सप्टेंबरात गोळ्या घातल्या. आपल्याकडे शनिवारवाड्यात पुतण्या 'काका मला वाचवा' म्हणत पळाला होता, तिकडे पळायची पाळी काकावर आली. आणि तेव्हापासून हाच पुतण्या खुर्चीवर आहे, मधे आपल्याकडे किती पंतप्रधान झाले ते मोजा. २००३ ला तर सरकारी रेडिओने जाहीरच करून टाकलं की साहेबांचा सर्वशक्तिमानाशी कायम संपर्क असतो आणि त्यांनी कोणाला मारलं तरी जाब विचारणारा कोणी नाही. २०२२ च्या निवडणुकीत ९५ टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली, उरलेले ५ टक्के कोण हे शोधायचं काम चालू असेल.

एका मुलाकडे बरीच वर्षं तेलखातं, दुसरा तेओदोरीन, तो शेती आणि जंगलखात्याचा मंत्री, पुढे उपराष्ट्राध्यक्ष. शेतीखातं म्हटलं की आपल्याला वाटतं काय मिळणार त्यात, खतं आणि बियाणं. अमेरिकेच्या न्यायखात्याचं म्हणणं असं की पगार वर्षाला एक लाख डॉलरच्या आत आणि जमवलेली माया ३० कोटी डॉलरच्या वर. मालिबूला बंगला, पॅरिसला आवेन्यू फॉशवर १०१ खोल्यांचा वाडा, आणि मायकल जॅक्सनचा खड्यांनी मढवलेला पांढरा हातमोजा. त्या हातमोज्यावर अमेरिकेत खटला भरला गेला, गंमत नाही करत, खटल्याचं नावच तसं होतं, अमेरिकन सरकार विरुद्ध खड्यांचा पांढरा हातमोजा. २०१४ ला तडजोड झाली, बंगला विकायला लागला. स्वित्झर्लंडमध्ये २५ गाड्या जप्त झाल्या आणि २०१९ ला जिनिव्हाजवळ त्यांचा लिलाव झाला, त्यातली एक लॅम्बॉर्गिनीच ८० लाख डॉलरच्या वर गेली. फ्रान्सने दंड केला, शिक्षा पण केली, पण शिक्षा स्थगित. तर धडा असा की माल परदेशात ठेवू नये. आपल्याच देशात ठेवला असता तर कोणाची माय व्यालीय विचारायला.

आता त्याच गिनीचा एरिक मुसाम्बानी. २००० च्या सिडनी ऑलिंपिकला पोहायला गेला. सराव कुठे केला, तर एका हॉटेलच्या छोट्याशा तलावात, ऑलिंपिकचा ५० मीटरचा तलाव त्याने सिडनीत जाऊनच पहिल्यांदा पाहिला. त्याच्या शर्यतीतले बाकीचे दोघे आधीच उडी मारली म्हणून बाद झाले, हा एकटाच पाण्यात, १०० मीटरला १ मिनिट ५२.७२ सेकंद, शेवटी शेवटी तर बुडतोय की काय असं वाटायला लागलेलं, आणि स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. जगाला फार गोड वाटलं. तोपर्यंत तेल निघून चार-पाच वर्षं झाली होती आणि देशाचे पैसे वॉशिंग्टनच्या रिग्ज बँकेत जमत होते. पुढे २००४ ला अमेरिकन सिनेटने चौकशी केली तेव्हा खात्यांमधला आकडा ७० कोटी डॉलरपर्यंत गेला, त्या बँकेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. एवढ्यात किती पोहण्याचे तलाव होतात याचं गणित तुम्ही करू नका, राष्ट्राध्यक्षाला शोभत नाही.

एवढी घट्ट मूठ ठेवायची ताकद नसेल तर काँगोची पद्धत घ्या. तिथे मूठ नाहीच, सगळं मोकाट. अर्थात पाया चांगला घातलेला होता. बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाने १८८५ पासून १९०८ पर्यंत हा आख्खा देश खाजगी मालमत्ता म्हणून ठेवला, एकदाही तिथे पाय न ठेवता, आणि रबर कमी आलं तर हात तोडायची वसुली. १९६० ला स्वातंत्र्य मिळालं, लोकांनी निवडलेला पंतप्रधान लुमुंबा सात महिने पण जिवंत राहू दिला नाही, त्याचा उरलेला एक दात बेल्जियमने २०२२ ला घरच्यांना परत दिला. मग १९६५ पासून १९९७ पर्यंत हुकूमशहा मोबुटू, बिबट्याच्या कातड्याची टोपी घालणारा. याची थोरवी अशी की त्याने चोरीचं विकेंद्रीकरण केलं. जाहीर भाषणात सांगितलं की चोरायचंच असेल तर थोडं हुशारीने चोरा. शिक्षकाला, पोलिसाला, शिपायाला पगार नाही, ज्याने त्याने आपापल्या खुर्चीतून काढून घ्यायचं. तिकडे लोक याला 'कलम १५' म्हणतात, संविधानातलं न लिहिलेलं कलम, तुमचं तुम्ही बघा. खुद्द साहेबांनी आपल्या गावी, बाडोलितेला, जंगलात राजवाडे बांधले आणि काँकॉर्ड उतरेल एवढी धावपट्टी. जेकामिन ही सरकारी खाण कंपनी ऐंशीच्या दशकात वर्षाला साडेचार लाख टनांच्या पुढे तांबं काढायची, नव्वदीत ती पन्नास हजार टनांच्याही खाली आली. दुभती म्हैस कापून खाल्ली म्हणायचं, आणि तीही निवांतपणे.

विजेचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. काँगो नदीवर इंगा नावाची जागा आहे, तिथे ४० हजार मेगावॉटपर्यंत वीज निघू शकते म्हणतात, निघते ती दोन धरणांची मिळून १,७७५ मेगावॉट, तीही कागदावर. त्यातली वीज खाणींना पोहोचवायला सुमारे १,७०० किलोमीटरची लाइन टाकली, १९८२ ला पुरी झाली. मधल्या गावांच्या डोक्यावरून तारा जातात, पण खाली उतरत नाहीत, मधे वीज काढायची सोयच ठेवली नाही. गावातला माणूस कंदील घेऊन मनोऱ्याखालून घरी जातो. आजही काँगोत पाचातल्या एकाच्या घरी वीज आहे. (चंद्रपूरवाल्यांनी यात काही ओळखीचं वाटून घेऊ नये.)

आणि खाण शोधायला तरी लांब कशाला जायचं. कोल्वेझी गावात कासुलो नावाची वस्ती आहे, २०१४ ला तिथे एकाने घराच्या आवारात खड्डा खणला तर कोबाल्ट लागलं. झालं, मग शेजाऱ्याने खणलं, त्याच्या शेजाऱ्याने स्वयंपाकघरात खणलं, घराच्या भिंती उभ्या आणि आत तीस-तीस मीटर खोल भोकं, दोराला लटकून खाली जायचं, टॉर्च डोक्याला बांधलेली. वर पोतं आलं की व्यापाऱ्याच्या टपरीवर न्यायचं, तिथे व्यापारी एक छोटं यंत्र दगडाला लावतो आणि यंत्र दाखवेल ती टक्केवारी, व्यापारी म्हणेल तो भाव. यंत्र कोणाचं, तर व्यापाऱ्याचं. जगातलं ७० टक्के कोबाल्ट या देशातून जातं, आणि जिथून जातं तिथले चारातले जवळपास तिघे दिवसाला २.१५ डॉलरच्या आत जगतात. तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय त्याच्या बॅटरीत त्यातलं चिमूटभर असेलच, तेव्हा फार हळहळू नका, चार्जिंग उतरतं.

लढायांबद्दल जास्त सांगत नाही, १९९६ पासून पूर्वेला थांबलेल्याच नाहीत, शेजाऱ्यांची सैन्यं येऊन खनिजं नेतात, आपल्या भारतीय सैन्याच्या तुकड्या संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोप्या घालून गोमा शहराजवळ वर्षानुवर्षं बसल्यात, तरी २०२५ च्या जानेवारीत एम२३ नावाच्या बंडखोरांनी गोमा घेतलंच. एका संस्थेने १९९८ नंतरच्या दहाएक वर्षांतल्या मृत्यूंचा अंदाज ५४ लाख काढला, आणि त्यातले बहुतेक गोळीने नाही, मलेरिया, जुलाब आणि उपासमारीने. गोळीला खर्च येतो, दवाखाना बंद ठेवायला येत नाही.

मग दोन्हीतलं कुठलं मॉडेल घ्यायचं? खरं सांगू का, गरिबाच्या अंगणातून पाहिलं तर फारसा फरक नाही, बादली दोन्हीकडे डोक्यावरच आहे. फरक तोंडाचा. गिनीत माणूस गप्प बसतो, स्वतंत्र पेपर म्हणावा असा नाही. काँगोत लोक मनसोक्त शिव्या घालतात, गाणी रचतात, रस्त्यावर उतरतात, २०१८ च्या निवडणुकीला चर्चने ४० हजार निरीक्षक उभे केले, त्यांची आकडेवारी एक सांगत होती आणि निवडणूक आयोगाने दुसऱ्याच माणसाला निवडून आणलं. म्हणजे बोलू द्या, फक्त ऐकू नका, हा स्वस्त पर्याय पण उपलब्ध आहे.

शेवटचं, पळायची तयारी. गिनीचं तेल आटत चाललंय, एक्सॉनमोबिल २०२४ ला निघून गेली, त्यामुळे हा भाग नीट वाचा. १९९७ च्या मे महिन्यात बंडखोर किन्शासाच्या वेशीवर आले तेव्हा मोबुटू आपल्या गावी पळाला, आणि तिथून देश सोडताना त्या काँकॉर्डच्या धावपट्टीवर काँकॉर्ड वगैरे काही नव्हतं, एका मालवाहू विमानात बसायला लागलं. विमान उडत असताना त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्या बंडखोरांनी नाही, त्याच्याच सैनिकांनी, मागे टाकून चालला म्हणून. तेव्हा बाकी सगळ्यांचा पगार बुडवा, हरकत नाही, पण विमानतळावरच्या पोरांचा महिन्याच्या एक तारखेला देत जा.