प्रश्न धाडसाचा नाही, ऑफर लेटरचा आहे

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया वाचली. चार ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं असं वाटेना, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. हिंजवडीतल्या एका मोठ्या आयटी कंपनीत असलेल्या वाचकाला बाणेरच्या एका स्टार्टअपची ऑफर आली होती. घरी गृहकर्जाचा हप्ता, मधुमेह असलेली आई, बायको बाळंतपणानंतर सध्या घरीच. ‘जाऊ का?’ असं त्यानं विचारलं आणि मी ‘या ऑफरवर जाऊ नकोस’ म्हणाले. त्यावर तुमचं म्हणणं असं, की माझ्यासारख्या लोकांमुळेच मराठी पोरं नोकरीत कुजतात. नारायण मूर्तींनी असले हिशेब मांडले असते तर इन्फोसिस उभी राहिली नसती. मोठ्या कंपन्यांत तरी आता कुठे शाश्वती उरली आहे. आणि वर मी स्वतः स्टार्टअपचा पगार घेऊन दुसऱ्यांना दारातून परत पाठवते.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते. हो, मी स्टार्टअपमध्येच काम करते आणि तेही फायनान्समध्ये. ऑफर लेटरमधला तो डोळे दिपवणारा आकडा कसा जमवतात हे मला आतून माहीत आहे, म्हणूनच तर बोलते.

आता इन्फोसिस. हे उदाहरण निघणार हे माहीत होतंच. 1981 साली मूर्ती आणि त्यांचे सहकारी पटणी कॉम्प्युटर्समधून बाहेर पडले आणि पुण्यात कंपनी सुरू झाली, हे खरं. सुधा मूर्तींनी साठवलेले 10,000 रुपये दिले, हेही सगळ्यांना पाठ असतं. पण त्या काळात घर सुधाताईंच्या पगारावर चालत होतं, हे सांगताना मात्र लोक गडबडीत असतात. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मूर्ती तिथे मालक होते. आपला वाचक त्या बाणेरच्या कंपनीत पन्नास-साठ जणांनंतर येणारा नोकरदार. पैसे संपले तर त्याचा पगार अडकणार, आणि कंपनी चालली तर मोठा वाटा संस्थापकांना आणि गुंतवणूकदारांना. या दोन माणसांना एकाच मापानं ‘धाडसी’ किंवा ‘भित्रा’ म्हणणं मला पटत नाही. मराठी माणसाचंच उदाहरण हवं तर आनंद देशपांडे घ्या. अमेरिकेतली एचपी लॅब्जची नोकरी सोडून पुण्यात आले, 1990 मध्ये पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी काढली. ती शेअर बाजारात आली 2010 साली. वीस वर्षं! स्वतःची कंपनी असेल तर माणूस एवढा दम धरतो. दुसऱ्याच्या कंपनीत कोण धरणार?

मूळ ऑफरकडे येते. सीटीसी, म्हणजे कंपनी वर्षाला तुमच्यावर करते तो एकूण खर्च, 28 लाख. जुन्या नोकरीत 22. ऐकायला सहा लाखांची उडी. पण या 28 मध्ये 8 लाखांचे इसॉप (कंपनीचे शेअर पुढे ठरलेल्या किमतीला घेण्याचा हक्क, म्हणजेच ऑप्शन्स) धरलेले होते. म्हणजे हातात येणारा पगार 20 लाखांच्या हिशेबाचा, जुन्यापेक्षा कमी. उरलेले 8 लाख कागदावर. ते चार वर्षांत मिळून व्हेस्ट होणार, म्हणजे वापरण्याजोगे होणार, पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत एकही नाही. (एक वर्षाची अट कंपनीनं मनानं लावलेली नसते, कायद्यातच ते किमान अंतर आहे.) म्हणजे वर्षाला 2 लाखांचे ऑप्शन्स, पण ऑफर लेटरमध्ये चारही वर्षांचे एकदम पहिल्या वर्षाच्या सीटीसीत बसवलेले. ही चलाखी इतकी सर्रास चालते की एचआरच्या मुलीला त्यात काही वावगं आहे हे कळतही नसेल, तिला दोष नाही.

बरं, व्हेस्ट झाले. पुढे? समजा 2,000 ऑप्शन्स आहेत, प्रत्येकी 10 रुपये भरून शेअर घ्यायचे आहेत आणि त्या दिवशी मर्चंट बँकरनं (शेअरचं अधिकृत मूल्य ठरवणाऱ्यानं) शेअरची किंमत 400 रुपये काढली आहे. मधले 390 रुपये, गुणिले 2,000, म्हणजे 7,80,000 रुपये तुमचं त्या वर्षीचं पगारी उत्पन्न धरलं जातं. 30 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेस धरून सुमारे 2,43,000 रुपये कर. रोख द्यायचा. आणि कशासाठी, तर जो शेअर घ्यायला बाजारात कुणी गिऱ्हाईक नाही त्यासाठी. 2020 च्या अर्थसंकल्पात हा कर पुढे ढकलण्याची सवलत आली, पण ती केंद्र सरकारच्या आंतरमंत्रालयीन मंडळाचं प्रमाणपत्र असलेल्या स्टार्टअपपुरतीच. नुसती ‘स्टार्टअप इंडिया’ची नोंदणी असून भागत नाही. शिवाय नोकरी सोडली की ती सवलतही संपते.

आणखी एक गोष्ट, जी ऑफर लेटरमध्ये कधीच नसते. गुंतवणूकदारांनी कंपनीत 120 कोटी घातलेत आणि उद्या कंपनी 100 कोटींना विकली गेली, तर पेपरात मथळा येईल ‘पुण्यातील स्टार्टअप शंभर कोटींना विकलं’. पण गुंतवणूकदारांच्या करारात आपले पैसे आधी परत घेण्याचा हक्क बहुतेक वेळा लिहिलेला असतो. म्हणजे शंभरच्या शंभर तिकडे. तुमच्या 2,000 शेअर्सचं काय? शून्य. म्हणून ‘किती ऑप्शन्स?’ एवढंच विचारून उपयोग नाही. कंपनीचे एकूण शेअर्स किती, आत्तापर्यंत किती पैसा घेतला, विक्री झाली तर कोणाचा नंबर आधी, हेही विचारायचं. उत्तर देताना समोरचा ‘इट्स अ जर्नी’ वगैरे बोलायला लागला तर समजून जा.

फ्लिपकार्टचं उदाहरण तुम्ही दिलं नाहीत, पण कुणीतरी देईलच. 2018 मध्ये वॉलमार्टनं 77 टक्के हिस्सा 16 अब्ज डॉलरला घेतला आणि इसॉपवाल्या कितीतरी कर्मचाऱ्यांचं सोनं झालं, नाकारत नाही. बायजूजचं मूल्यांकन 2022 मध्ये 22 अब्ज डॉलर होतं आणि 2024 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. तिथल्यांकडेही इसॉप होतेच. म्हणून माझा हिशेब साधा आहे: इसॉपची किंमत शून्य धरा. तरीही ऑफर परवडत असेल, कामातून शिकायला मिळत असेल, तर बिनधास्त जा. परवडत नसेल तर ती ऑफर नाही, उसनवारी आहे, आणि उसने देणारे तुम्ही.

त्या वाचकाला परवडत नव्हती. सध्याच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आई होती, नव्या कंपनीच्या पॉलिसीत फक्त बायको-मुलं. आईसाठी स्वतंत्र पॉलिसी नव्यानं घेतली तर आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. जुन्या विमा कंपनीकडेच वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा मार्ग असतो, पण ते राजीनामा देण्याआधी विचारायचं, नंतर नाही. ग्रॅच्युइटीची पाच वर्षं त्याची झाली होती, ते बरं. ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा पगार महिन्याला 60,000 असेल तर पाच वर्षांचे सुमारे 1,73,000 होतात. चार वर्षांवर उडी मारणारे पुष्कळ जण हे विसरतात.

शाश्वतीच्या मुद्द्यावर मात्र मी तुमच्याशी भांडणार नाही. टीसीएससारख्या कंपनीनं 2025 च्या जुलैत सुमारे 12,000 जणांची कपात जाहीर केल्यावर ‘मोठी कंपनी म्हणजे सरकारी नोकरी’ हे म्हणणं कुणालाच शोभत नाही. एकाच टूलवर, एकाच क्लायंटकडे आठ-आठ वर्षं बसलेल्या माणसानं हललंच पाहिजे. पण इथला भरवसा गेला म्हणून तिथला वाढत नाही. आणि कुणी जाऊच नये, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. वय पंचवीस-सव्वीस, डोक्यावर हप्ता नाही, घरात दुसरा पगार आहे, अशा मुला-मुलींना मी स्वतः आमच्याकडे घेते आणि ती दोन वर्षांत जे शिकतात ते पाहून मलाच हेवा वाटतो.

तुमचा पुतण्या येत्या सोमवारी राजीनामा टाकणार आहे, असं तुम्ही लिहिलंय. मग हे त्याला सांगा. एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) पोर्टलवर 100 रुपये भरले की त्या कंपनीचे जाहीर कागद बघता येतात. ताळेबंद काढून वर्षाचा तोटा आणि हातातली रोकड शेजारी-शेजारी मांडायची. आकडे थोडे जुने असतील, तर मधल्या काळात नवी गुंतवणूक आली का ते थेट संस्थापकालाच विचारायचं. इसॉपची पूर्ण योजना मेलवर मागायची, ‘जॉइन झाल्यावर देऊ’ यावर समाधान मानायचं नाही. नोकरी सोडल्यावर व्हेस्ट झालेले शेअर घ्यायला किती दिवस देतात, ते त्यातच लिहिलेलं असतं. त्याचा नोटीस पिरियड 90 दिवसांचा असेल आणि नवी कंपनी 30 दिवसांत बोलावत असेल, तर बायआउटचे, म्हणजे न भरलेल्या नोटीसच्या दिवसांचे, पैसे कोण भरणार आणि वर्षाच्या आत सोडलं तर ते परत मागणार का, हे लेखी घ्यायचं. हे सगळं सोमवारपर्यंत हाती आलं नाही, तर राजीनामा त्याच्या पुढच्या सोमवारी टाकला तरी चालतो. ज्यांना तो खरंच हवाय, ते आठवडाभर थांबतात.