लाईट गेली म्हणजे तार मेली नव्हे

वळवाचा पाऊस सुरू झाला की सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं: चार थेंब पडताच लाईट घालवतात तो निव्वळ आळस, लाईट गेलेली असताना तुटलेल्या तारेत करंट नसतो, काठीने ती बाजूला सारावी, जनरेटरची पिन घरातल्या सॉकेटात खुपसली की सगळे दिवे लागतात, आणि मोबाइलमुळे वीज अंगावर पडते. मी मोहोळात घरांचं वायरिंग करतो. काठीचा सल्ला वाचून पोटात गोळा आला, म्हणून आधी त्याबद्दल.

गल्लीत अंधार झाला म्हणजे सबस्टेशनचा ब्रेकर पडला असेल, डीपीवरचा, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज उडाला असेल, नाहीतर एकच फेज गेला असेल. शेजारची तार चालू असू शकते. ट्रिप झालेला, म्हणजे आपोआप बंद पडलेला, फीडर (सबस्टेशनातून निघणारी लाईन) पुन्हा चालू करून पाहतात, तेव्हा तुम्ही वाकलेले असतानाच त्या तारेत ११ हजार व्होल्ट येऊ शकतात. भिजलेली काठी आणि रबरी चप्पल त्यापुढे काय टिकणार? कोरड्या मुरमावर पडलेल्या तारेने तर कधीकधी ब्रेकर पडतच नाही. आजूबाजूच्या जमिनीतही करंट उतरतो. म्हणून किमान १० मीटर लांब राहा, पोरांना आणि जनावरांना अडवा, वीज कंपनीच्या १९१२ या नंबरवर कळवा. तारेजवळ सापडलाच तर ढांगा टाकू नका. पाय जुळवून, जमिनीला घासत मागे सरा.

पत्र्याच्या घरांत धोका आणखी जवळ असतो. वाऱ्याने खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलते आणि त्याच पत्र्याला कपडे वाळत घालायची तार बांधलेली असते. गेल्या मे महिन्यात अशा एका तारेला मी टेस्टर लावला आणि दिवा लागला. वर ओली साडी होती. घरच्या मावशी म्हणाल्या, "दोन दिवस हाताला मुंग्या येतायत, मला वाटलं नस आखडली." तारेऐवजी नायलॉनची दोरी बांधा आणि मेनबोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच लाईट तोडणारा स्विच, बसवून घ्या.

आळसाच्या आरोपामागचा राग मला समजतो, उकाड्यात रात्र काढणं सोपं नाही. पण दिवसभर ४२-४३ अंशांत तापलेल्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर गार पाणी पडलं की त्याला बारीक तडे जातात, तड्यांतून पाणी शिरतं, करंट खांबात उतरतो आणि फीडर ट्रिप होतो. मग रात्री बॅटरीच्या उजेडात खांबन् खांब पाहत जावं लागतं. तारांवर आलेल्या फांद्या मात्र पावसाआधीच छाटायला हव्यात. त्या राहिल्या असतील तर जाब जरूर विचारा.

मोबाइल वीज ओढून घेत नाही. कडुनिंबाखाली उभं राहणं धोक्याचं, आणि कडकडाटात चार्जिंगला लावलेला फोन हातात धरणंही. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात जा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपासच्या विजांचा इशारा देतं.

जनरेटर बंद खोलीत चालवू नका, त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि त्याची पिन सॉकेटात तर कधीच नको. तुमच्या घरातले २३० व्होल्ट उलटे डीपीत जातात, डीपी त्यांचे पुन्हा ११ हजार करते, आणि तुमचीच लाईट आणायला खांबावर चढलेला वायरमन ती तार बंद आहे असं समजून हात घालतो. मध्ये चेंजओव्हर स्विच लागतोच, म्हणजे घराला एका वेळी बाहेरची लाईन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा. तो बसवणं एका दुपारचं काम आहे.